काळवीट पकडून नेण्याआधी पाण्याकडे आणि वाटेकडे बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फेब्रुवारी सरत आला, माळावरचं गवत पिवळं पडलं, की सोलापूरच्या कडेच्या वसाहतींत दरवर्षी तोच विषय निघतो. केगाव, बाळे, देगाव, सोरेगाव, कुमठे या बाजूला काळविटांचे कळप मोकळ्या प्लॉटवर उतरतात. कुणाच्या परसातली मेथी जाते, कुणाची गाडी रात्री आडव्या आलेल्या हरणीला धडकते. मग निवेदनं निघतात: काळवीट फार झालेत, वनविभागाने पकडून लांब नेऊन सोडावेत. मागणी करणाऱ्यांचा त्रास खरा आहे. घाटे भरायच्या वेळेला हरभऱ्याचं रान एका रात्रीत बसलेलं बघणं कुणालाच सोपं नसतं. पण पकडून नेणं हा उपाय या जनावराला मानवत नाही, आणि जे उपाय चालतात ते स्वस्त असूनही अर्धवट केले जातात. ते मापासकट लिहावेत म्हणून हे पत्र लांबलं आहे.

आधी ‘फार झालेत’ याबद्दल. हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याच्या ज्या गोष्टी आपण वाचतो त्या बहुतेक अमेरिकेतल्या उपनगरांच्या असतात. तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरिण चांगला चारा मिळाला तर सहसा जुळी पिल्लं देतं, लपायला झाडी शोधतं आणि बागेतल्या झुडपांवर जगतं. काळविटाची मादी साधारण सहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पाडस देते, तिला झाडी नको असते, चारी बाजूंनी नजर पोचेल असा उघडा माळ हवा असतो. न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर २०१६ पासून नरांची नसबंदी करतात. ते बेट आहे, बाहेरून नवे नर सहज येत नाहीत, म्हणून तिथे तो हिशेब मांडता येतो. आपल्याकडे एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि माळ नान्नज-वडाळ्यापर्यंत उघडा आहे. दहातल्या नऊ नरांची नसबंदी केली तरी दहावा सगळं भरून काढेल. लसीचंही तसंच. माद्यांना दिली जाणारी गर्भरोधक लस बहुतेक वेळा पुन्हा पुन्हा टोचावी लागते. तीच मादी पुढच्या वर्षी ओळखून गाठणं उघड्या माळावर होणार नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. काळवीट वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, फासा लावणं, आमिष टाकणं, हाकत नेणं, पकडणं आणि यातला कुठलाही प्रयत्न येतो. शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार रुपये. रानडुकराबाबत जी ‘उपद्रवी’ ठरवण्याची तरतूद वापरली जाते ती पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला लागूच होत नाही. पिकाचं नुकसान हे कारणही अशा प्राण्याच्या शिकारीच्या परवानगीला चालत नाही. कलम १२ खाली दुसऱ्या योग्य अधिवासात हलवता येतं किंवा न मारता संख्येचं व्यवस्थापन करता येतं, पण त्याला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे नगरसेवकाने आज पत्र दिलं आणि उद्या जाळी लागली, असं होणार नाही, आणि होऊही नये.

कारण काळवीट पकडताना मरतो. जाळीत सापडला, दोरी लागली, माणसांचा गलका झाला की तो जीव तोडून धडपडतो. अंगाचं तापमान चढतं, स्नायू अक्षरशः फाटत जातात, त्यातून निघालेली द्रव्यं मूत्रपिंडात अडकतात. जनावर सोडताना ठीक दिसतं, पळतही जातं, आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी कुठल्या तरी बांधाला पडून राहतं. मोजणारा तोवर घरी गेलेला असतो. मध्य प्रदेशात शाजापूर भागात ऑक्टोबर २०२५ मध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर झालं. हेलिकॉप्टरने कळप हळूहळू वळवून कापडी भिंतींच्या नरसाळ्यासारख्या आवारात, ज्याला बोमा म्हणतात, त्यात घेतले आणि हात न लावता गाडीत चढवले. दक्षिण आफ्रिकेतले तज्ज्ञ, प्रशिक्षित माणसं, उघडी सलग रानं, एवढं सगळं जुळलं तेव्हा ते जमलं. सोलापूरच्या कडेला वीजवाहिन्या, बायपास, वीटभट्ट्या आणि दर दोनशे मीटरवर तारेचं कुंपण आहे. इथे तो कळप पहिल्यांदा तारेत जाईल. आणि हलवायचे कुठे? अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळचं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर आहे, तिथलेच काळवीट भोवतालच्या शेतांत चरतात. शिवाय इथून पन्नास नेले तरी इथलं पाणी आणि कोवळं गवत तसंच राहतं. मागच्या माळावरचे पुढच्या हंगामात त्या जागी येतात.

तेव्हा प्रश्न ते इथे का येतात हा आहे. सोलापूरला वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मूळचा हा माळच, मुरमाड, वीतभर मातीचा, मारवेल, पवन्या, कुसळी अशा गवतांचा. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये इथे अभयारण्य झालं, कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं, २०१२ मध्ये ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला. काळवीट टिकला, कारण तो पिकावरही जगू शकतो. त्याच माळाचे आता तीन तुकडे झालेत: काही वनविभागाच्या ताब्यात, काही शेतीखाली, आणि शहराच्या बाजूचे एन.ए. (बिगरशेती) होऊन पडलेले. हा तिसरा तुकडा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. मुरमाचे रस्ते पाडलेले, सिमेंटचे खांब रोवलेले, वर्षानुवर्षं घर न बांधलेले प्लॉट. तिथे नांगर नाही, मेंढरं नाहीत, माणूस नाही. पहिल्या पावसात कोवळं गवत तिथेच वर येतं. काळवीट तिथे मुक्कामाला येतो आणि मग शेजारच्या बंगल्यातल्या लॉनपर्यंत अंतर राहतं फक्त रस्त्याचं.

त्यात दुसरी भर पाण्याची, आणि ती चांगल्या मनाने घातलेली असते. वसाहतीच्या कंपाउंडला लागून सिमेंटची टाकी ठेवायची, रोज पाइपने भरायची, जोडीला कडब्याच्या पेंढ्या, पावाचे तुकडे. चिंकारा पाण्यावाचून पुष्कळ दिवस काढतो, काळविटाला उन्हाळ्यात पाणी लागतंच. जिथे पाणी तिथे त्याचं चरणं. म्हणजे कळप वस्तीला आणून बांधल्यासारखं होतं. पाव, उरलेला भात, मैद्याचे पदार्थ तर त्याच्या पोटाला विषच. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम पिठूळ अन्न गेलं की आंबतं, पोट फुगतं आणि जनावर दगावतं.

पाणी द्यावंच, पण आत, माळावर द्यावं. वस्तीपासून आणि डांबरी रस्त्यापासून किमान एक किलोमीटर, चारी बाजूंनी पन्नास मीटरपर्यंत झुडूप नसलेल्या जागी, म्हणजे कुत्र्यांना दबा धरता येत नाही आणि काळविटाला दुरून दिसतं. उभ्या भिंतीची टाकी नको. बशीसारखा खोलगट पाणवठा करावा: व्यास ३ मीटर, मध्यभागी खोली ३० सेंटिमीटर, कडेपासून मध्यापर्यंत सलग उतार. पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करू नये, ओल्या सिमेंटवर खराट्याने ओरखडे मारावेत, नाहीतर खूर घसरतात. यात सुमारे ७०० लिटर पाणी मावतं. उन्हाळ्यात रोज १० मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तर एवढ्या पृष्ठभागावरून ७० लिटर वाफ होऊन जातं. चाळीसेक जनावरांचं पिणं दीडशे लिटर धरलं, तर दिवसाला सव्वादोनशे लिटर लागतं. शेजारी ५,००० लिटरची टाकी उंचावर ठेवून बॉलकॉक लावला की तीन आठवड्यांतून एक टँकर पुरतो. बॉलकॉक दगडी चौकटीत झाकावा, उघडा राहिला तर गुरं पायाने मोडतात आणि टाकी एका रात्रीत रिकामी होते. तळाचं शेवाळ आठवड्याने खराट्याने काढून चुन्याचा हात द्यावा. कडेच्या ओल्या मातीवर कुत्र्यांचे ठसे वाढलेले दिसले तर पाणवठ्याची जागा चुकली असं समजून पुढच्या वर्षी ती हलवावी.

एक सावधगिरी. वसाहतीकडची टाकी मे महिन्यात एकदम बंद करू नका. जानेवारीतच आतला पाणवठा भरायला लागा, दोन-तीन आठवडे दोन्ही चालू ठेवा, आतल्या पाणवठ्यावर लेंड्या आणि खुरांचे ठसे नियमित दिसू लागले की मग बाहेरची टाकी काढा. ऐन उन्हात काढली तर कळप माळाकडे न जाता पाण्याच्या वासावर शेततळ्याकडे किंवा विहिरीकडे जातो.

शेततळं हा तर सापळाच झाला आहे. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं, बाजू तिरक्या, पाणी अर्ध्यावर. काळवीट पाणी प्यायला उतरतो आणि वर येता येत नाही. अशा तळ्याच्या कागदावर काठाशी एकाच जागी खुरांचे शेकडो पांढरे ओरखडे दिसतात, खाली सरकत गेलेले. ज्याने ते बघितलं आहे त्याला जास्त सांगावं लागत नाही. उपाय अगदी साधा: जुने टायर दोरखंडाने शिडीसारखे एकाखाली एक बांधून चारही कोपऱ्यांत तळापर्यंत सोडायचे. दोर वरच्या बांधावर गाडलेल्या खुंट्यांना बांधायचा, कागदाला भोक पाडायचं नाही. कोपरेच का, तर पोहणारं जनावर कडेकडेने जात कोपऱ्यात येऊन थांबतं. टायर नसतील तर काथ्याची दीड मीटर रुंद जाळी चालते. बिनकठड्याच्या विहिरींना किमान चार फुटांचा कठडा किंवा तारेची जाळी हवी. लांडगे, खोकड, कधी माणसंही त्यात पडतात.

आता कुंपण. याबाबत आमचं ठाम मत असं की कुंपण एकतर पूर्ण अडवणारं असावं किंवा पूर्ण जाऊ देणारं असावं. अर्धवट कुंपण सगळ्यात घातक. काळवीट उंच उडी मारू शकतो, पण तारेसमोर आला की तो बहुतेक वेळा खालून जायला बघतो. आज प्लॉटधारक करतात काय, तर चार पदरी काटेरी तार, सगळ्यात खालची जमिनीपासून वीतभर. त्याखालून जाताना पाठ सोलली जाते, नराची पिळदार शिंगं अडकतात आणि मागून कुत्री असली की तो तिथेच संपतो. ब्लेडची तार तर निवासी भागात लावूच नये.

जिथे अडवायचंच आहे, म्हणजे वसाहतीची बाहेरची हद्द, शाळेचं मैदान, रोपवाटिका, तिथे ६ फूट उंच चेन लिंक जाळी लावावी. उंचीपेक्षा खालची कड महत्त्वाची. जाळी जमिनीला टेकलेली, खालून ताणाची तार ओवलेली, आणि बाहेरच्या बाजूला फूटभर वळवून दगड-मुरमाने दाबलेली असावी. पहिल्या पावसात उताराच्या जागी मुरूम वाहून भोक पडतं, ते जूनअखेर एकदा फिरून बुजवावं लागतं. फाटकाखालची फट १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. तीन बाजू बंद आणि चौथीला फाटक उघडं, असं आवार कधीही करू नये. आत शिरलेला कळप बाहेरची वाट विसरतो आणि जाळीवर आपटतो.

जिथे जाऊ द्यायचं आहे, म्हणजे ओढ्याकाठ, मोकळे प्लॉट, वनजमिनीला लागलेली रानं, तिथे काटेरी तार काढून बिनकाट्याची घ्यावी. खालची तार जमिनीपासून ४५ सेंटिमीटर, वरची १ मीटरपेक्षा उंच नाही, मध्ये एक. गुरं अडतात, काळवीट खालून सरळ निघून जातो. घर बांधायचं नसेल तोवर प्लॉटला कुंपण कशाला, हद्दीचे दगड पुरतात. ले-आउट मंजूर करताना १० टक्के खुली जागा सोडावीच लागते. ती प्रत्येक ले-आउटने आपापल्या कोपऱ्यात, कुठे देवळामागे कुठे टाकीखाली टाकण्यापेक्षा ओढ्याला लागून एकापुढे एक ठेवली, तर शहराच्या कडेने एक सलग पट्टा उरतो. नगररचना खात्याने नकाशावर एवढं बघितलं तरी पुढच्या वीस वर्षांच्या तक्रारी कमी होतील.

शेतकऱ्यांसाठी साड्यांचं कुंपण कमी खर्चाचं आहे आणि काम करतं, पण केव्हा लावायचं हे कळलं पाहिजे. पलीकडचं दिसत नसेल तर उघड्या माळावरचं जनावर बिचकतं, एवढंच त्यामागचं तत्त्व. म्हणून साडी जमिनीपासून सुरू होऊन पाच फुटांपर्यंत ताठ हवी, वर आणि खाली दोन दोऱ्या, दर दहा फुटांवर काठी. वाऱ्याने गोळा होऊन दोरीसारखी झाली की उपयोग संपला. पंधरा-वीस दिवसांत कळप सरावतो, त्यामुळे पेरणीपासून काढणीपर्यंत बांधून ठेवण्यात अर्थ नाही. उगवणीनंतरचे पहिले तीन-चार आठवडे आणि हरभरा-तुरीचे दाणे भरण्याचे दिवस, या दोनच वेळा लावा आणि मध्ये काढून ठेवा. यंत्रमागावरून निघणाऱ्या टॉवेल-चादरींच्या टाकाऊ पट्ट्या सोलापुरात सहज मिळतात, त्याही चालतात, मात्र पट्टी हातभर रुंद हवी. सुताचे गुंते आणि नायलॉनची मासेमारीची जाळी नको, शिंगात अडकली की जनावर उपाशी मरतं. रब्बीत ज्वारीच्या कडेने काटेरी करडईच्या चार-सहा ओळी घालायची आपली जुनी रीत पुन्हा धरण्यासारखी आहे. पीकही हाती येतं. फटाके आणि भोंगे आठवड्याभरात निकामी होतात, आणि रात्री फटाका वाजवून बिथरवलेला कळप सरळ महामार्गावर जातो.

सौर कुंपण बसवलेली पुष्कळ रानं आहेत आणि त्यातली बरीच मार्चनंतर नुसती तार उरतात. कारण अर्थिंग. झटका बसायला वीज तारेतून जनावराच्या अंगात, तिथून जमिनीत आणि जमिनीतून यंत्राकडे परत यावी लागते. आपला मुरूम उन्हाळ्यात इतका कोरडा होतो की ही साखळी तुटते. दीड-दोन मीटरच्या तीन जीआय सळया, एकमेकींपासून ३ मीटरवर, शक्यतो विहिरीच्या किंवा पाटाच्या ओलीत ठोकाव्यात आणि तरीही भरवसा नसेल तर तारा आलटून पालटून जोडाव्यात: जमिनीपासून २५, ७० आणि १३० सेंटिमीटरच्या तारा चालू, ४५ आणि १०० च्या अर्थिंगच्या. तोंड घालणारं जनावर दोन तारांना एकदम लागतं आणि जमीन कोरडी असली तरी झटका बसतो. पाच ते आठ हजार व्होल्टचा, सेकंदाला साधारण एक आणि क्षणभराचाच झटका देणारं, भारतीय मानकाचं यंत्र घ्यावं. तारेवरचा दाब रोज संध्याकाळी टेस्टरने बघावा. चार हजारांखाली आला की कुठेतरी गवत टेकलंय किंवा इन्सुलेटर फुटलाय. पावसाळ्यात खालच्या तारेखालचं गवत पंधरवड्याने काढावं लागतं. घरातली वीज थेट तारेत सोडणं हे कुंपण नाही. त्यात माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, आणि मरणारा बहुतेक वेळा पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीच असतो.

रस्त्यांवर आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते. २०२२ च्या उन्हाळ्यात केगावजवळच्या बायपासवर पुलाच्या उंचीवरून खाली पडून एका कळपातले अनेक काळवीट दगावले. शेकडो वर्षांची वाट भरावाने अडली की असंच होतं. भरावावर चढलेल्या कळपाला पुलाची कड आणि त्याखालची पोकळी अंधारात कळत नाही. म्हणून अशा पुलांच्या दोन्ही कडांना आणि पुढे-मागे शंभरेक मीटरपर्यंत आरपार न दिसणारा सहा फुटांचा आडोसा हवा. ‘खालून मोरी आहे की’ हे उत्तर पुरेसं नाही. जनावर भुयारातून जाईल की नाही याचा एक अंदाज आहे: रुंदी गुणिले उंची, भागिले लांबी, सगळं मीटरमध्ये. अमेरिकेतल्या हरणांबाबत हा आकडा निदान ०.६ असावा असं मानतात. २ बाय २ मीटरची मोरी ३० मीटर लांब असली तर उत्तर येतं ०.१३. त्यातून कुत्रं जाईल, काळवीट जाणार नाही. तोच ५० मीटर रुंद, ५ मीटर उंच उघडा पूल असेल तर ८ च्या वर. नव्या रस्त्यांच्या आराखड्यात ओढ्यांवरचे पूल थोडे लांबवले तर हे साधतं. नंतर तोडून करायचं म्हटलं तर कोट्यवधी लागतात.

वाहनचालकांनी एवढं ध्यानात ठेवावं की ताशी १०० च्या वेगाला धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत सुमारे १०० मीटर जातात, ताशी ६० ला सुमारे ४५. रात्री खालच्या झोताचा उजेड पन्नास-साठ मीटरच पडतो. एक काळवीट आडवा गेला तर मागचे येणारच, कळप पुढच्याच्या मागे जातो. हॉर्न न वाजवता थांबा, शेवटचा जाईपर्यंत थांबा.

कुत्र्यांचा विषय कुणाला आवडत नाही, पण पाडसं सगळ्यात जास्त त्यांच्याच तोंडी जातात. लांडगा काळविटाचं पाडस नेतो तो माळाचा नियम आहे, आणि संख्या आटोक्यात ठेवणारा आपल्याकडचा खरा प्राणी तोच. कुत्र्यांची झुंड मात्र वसाहतीच्या कचऱ्यावर पोसलेली असते. ढाब्यांमागचं उष्टं, चिकन दुकानांची घाण, कोंबड्यांच्या शेडमधून ओढ्यात टाकलेले मेलेले पक्षी, हे थांबलं नाही तर नुसत्या निर्बीजीकरणाने फरक पडायला पुष्कळ वर्षं जातील. नियमाप्रमाणे निर्बीजीकरण करून कुत्रं त्याच जागी सोडावं लागतं, त्यामुळे माळाच्या कडेचे वॉर्ड महापालिकेने आधी घ्यावेत.

आणि पाडस गवतात एकटं दिसलं म्हणजे ते अनाथ नसतं. जन्मल्यावर काही दिवस आई त्याला लपवून चरायला जाते आणि ठरावीक वेळेला पाजायला येते. ते हलत नाही, मान जमिनीला टेकवून पडून राहतं, तेच त्याचं संरक्षण. उचलून घरी आणलं, बाटलीने गाईचं दूध पाजलं, की बहुतेक वेळा ते जगत नाही, हगवणीने मरतं. तिथून निघून जावं, कुत्री दूर ठेवावीत, इतकंच.

काळवीट आवारात शिरलाच तर फाटक उघडायचं, कुत्री बांधायची, मोबाइलवाल्यांना मागे घ्यायचं आणि ज्या बाजूने माळ आहे ती बाजू रिकामी सोडायची. बहुतेक वेळा तो तासाभरात आपणहून जातो. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. माणूस येईपर्यंत डोळ्यांवर गडद कापड टाकावं, डोळे झाकले की निम्मी धडपड थांबते. त्याला कुशीवर आडवं पाडून ठेवू नये, पोटात वायू धरतो. छातीवर, पाय पोटाखाली, मान वर अशा स्थितीत टेकवावं. तोंडात पाणी ओतू नये, श्वासनलिकेत जातं. नराच्या शिंगांसमोर कुणी उभं राहू नये.

वेड्या बाभळीबद्दल थोडक्यात. उन्हाळ्यात काळवीट तिच्या गोड शेंगा खातो आणि बी लेंड्यांतून माळभर पसरवतो. वरून तोडली की ती दुप्पट फुटते. खोड जमिनीखाली फूटभर खणून, फुटव्याची गाठ काढूनच संपते, आणि हे काम शेंगा पिकण्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हायला हवं. त्या जागी गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावू नये. माळ ओसाड आहे म्हणून झाडं लावायची, चर खणायचे, हे उपक्रम गवत मारतात आणि काळविटाला पिकात ढकलतात.

नुकसान झालेल्या शेतकऱ्याने भरपाईसाठी तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाकडे लेखी तक्रार द्यावी, ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. सातबारा, बँक पासबुकाची प्रत, आणि फोटो. फोटो लांबून काढलेला नको. खाल्लेला शेंडा, शेजारी खुराचा ठसा आणि लेंडी एका चौकटीत यावी, म्हणजे ‘गुरांनी खाल्लं’ असं म्हणायला जागा राहत नाही. पंचनामा होईपर्यंत तेवढा तुकडा नांगरू नये.

शेवटची विनंती मोजणीची. बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या गणनेवरून काळवीट वाढले की घटले हे ठरवता येत नाही, तो मुख्यतः दिवसा चरणारा प्राणी आहे आणि एकच कळप दोन पाणवठ्यांवर दिसतो. केगावपासून कुमठ्यापर्यंतच्या पट्ट्याचे ठराविक मार्ग आखावेत. एकाच सकाळी, सूर्योदयानंतर दोन तास, सगळ्या मार्गांवर दोघादोघांच्या जोड्यांनी एकाच वेळी निघावं. कळप दिसला की वेळ, जागा, जाण्याची दिशा आणि चार रकाने: काळे झालेले नर, पिवळसर अंगाचे पण शिंगं असलेले तरुण नर, माद्या, पाडसं. शेजारच्या जोडीशी वेळ आणि दिशा ताडून दुहेरी नोंद काढून टाकावी. असं लागोपाठ तीन सकाळी करावं, एकदा दिवाळीनंतर, एकदा एप्रिलमध्ये. एकूण आकड्यापेक्षा माद्यांमागे पाडसं किती हा रकाना आधी वाचावा. एप्रिलमध्ये तो घसरलेला दिसला तर त्या पट्ट्यातली कुत्री आणि शेततळी त्याच आठवड्यात तपासायला घ्यावीत. वनविभाग, महापालिका आणि विद्यापीठातले विद्यार्थी मिळून हे काम या दिवाळीनंतर सुरू करू शकतात. दुर्बिणी आणि छापील तक्ते यापलीकडे त्याला काही लागत नाही.

आपले,
सोलापूरच्या माळरानांचे काही अभ्यासक